सरबताचा पाक बाटलीत साखर धरतो, बुरशी धरतो, पिवळा पडतो: कारणं आणि उपाय

उन्हाळा लागला की सरबतासाठी पाक करून ठेवण्याची पद्धत घरोघरी आहे. लिंबू पिळायचं, पाक घालायचा, गार पाणी ओतायचं, मीठ आणि जिरेपूड टाकायची. पाहुणे दारात असताना साखर विरघळवत बसावं लागत नाही. पण हा पाक टिकत नाही ही तक्रारही दरवर्षीची. आठ-पंधरा दिवसांत बाटलीच्या तळाशी साखरेचा टणक थर बसतो, नाहीतर तोंडाशी पांढुरकी, हिरवट बुरशी दिसते. या दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. पाकात साखरेच्या मानाने पाणी नेमकं किती उरलंय, हे मोजलेलंच नसतं. पाणी कमी उरलं की साखर बसते, जास्त उरलं की बुरशी येते. मधली जागा अरुंद आहे आणि ती बोटांना कळत नाही, वजनकाट्यालाच कळते.

तारेची सवय इथे नडते

लाडू, गुलाबजाम, चिरोटे करणारा हात पाक म्हटलं की बोटांत धरून तार बघतो. लाडवांना ते हवंच, कारण तिथे पाक गार झाल्यावर घट्ट व्हायलाच पाहिजे. सरबताच्या पाकाचं काम उलट आहे: त्याने महिनाभर पातळ आणि स्वच्छ राहायचं. एकतारी पाकात साखरेचं प्रमाण वजनाने साधारण ७० टक्क्यांच्या पुढे गेलेलं असतं. एवढी साखर गरम पाण्यात सुखाने राहते, पण घरातल्या तापमानाला आल्यावर पाणी तिला धरून ठेवू शकत नाही.

आकड्यांत बघू. १०० ग्रॅम पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे २०४ ग्रॅम साखर विरघळते, ३० अंशांना सुमारे २२० ग्रॅम आणि ० अंशाला सुमारे १७९ ग्रॅम. फ्रिजमध्ये साधारण ५ अंश असतात, म्हणजे तिथे १८५ ग्रॅमच्या आसपास धरा.

आता नेहमीची कृती घ्या: १ किलो साखर, अर्धा लिटर पाणी. नुसती विरघळवली तर साखर ६६.७ टक्के. पण पसरट पातेल्यात मोठ्या आचेवर दहा-बारा मिनिटं खळखळ उकळलं की शंभर मिली पाणी सहज उडून जातं. उरलं ४०० मिली. २० अंशांना ४०० मिली पाणी सुमारे ८१५ ग्रॅमच साखर धरतं, म्हणजे १८५ ग्रॅम साखर जादा. ती आज ना उद्या तळाशी बसणारच. खडीसाखर करणारे नेमकं हेच मुद्दाम करतात: दाट पाक, आत सोडलेला दोरा, आणि न हलवता सावकाश गार होऊ देणं.

पाणी अजिबात आटू दिलं नाही, तरी किलोला अर्धा लिटर हे प्रमाण फ्रिजसाठी दाटच आहे. ५ अंशांना ५०० मिली पाणी ९२५ ग्रॅमच्या आसपास साखर धरतं. उरलेली सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम काही दिवस विरघळलेली दिसते आणि एखादा कण सापडला की त्याभोवती जमायला लागते. ‘फ्रिजमध्ये ठेवूनसुद्धा साखर धरली’ असं लोक म्हणतात, तेव्हा ती बहुधा फ्रिजमध्ये ठेवल्यामुळेच धरलेली असते.

आमच्या मते घरच्या सरबतासाठी सगळ्यांत सोयीचं प्रमाण १ किलो साखरेला ६०० मिली पाणी. यात साखर ६२.५ टक्के होते. फ्रिजमध्ये ती बसत नाही, आणि पाक इतका दाट असतो की फ्रिजमध्ये दोन महिने बुरशी धरत नाही, अर्थात बाटली आणि चमचा स्वच्छ असेल तर. पाक बाहेरच ठेवायचा असेल तर किलोला ५०० मिली, म्हणजे ६६.७ टक्के. औषधांच्या साध्या सिरपासाठी इंडियन फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत प्रमाणग्रंथात, हेच प्रमाण आहे: १००० ग्रॅम सिरपात ६६७ ग्रॅम साखर. त्याहून पातळ झालं तर आंबतं, दाट झालं तर खडे धरतात. समसमान पाक, म्हणजे किलोला एक लिटर, पेयात झटकन मिसळतो आणि करायला सोपा आहे. पण तो फ्रिजमध्येच ठेवायचा आणि तीन आठवड्यांत संपवायचा. मे महिन्यात नागपूर-जळगावकडे असा पाक ओट्यावर राहिला तर तीन-चार दिवसांत फसफसतो.

वजनावर पाक कसा करायचा

लागतं काय तर ५ किलोपर्यंतचा स्वयंपाकघरातला काटा, जाड बुडाचं स्टीलचं तीन लिटरचं पातेलं, घट्ट बसणारं झाकण आणि सुती फडकं.

आधी रिकाम्या पातेल्याचं वजन करून कागदावर लिहून ठेवा. झाकण आणि डाव वगळून. समजा ८५० ग्रॅम भरलं. त्यात १ किलो साखर आणि ६०० मिली पाणी. पाण्याचा १ मिली म्हणजे १ ग्रॅम, त्यामुळे पाणीही काट्यावरच मोजा. मापाच्या भांड्यापेक्षा ते अचूक पडतं. शेवटी पातेल्यासकट वजन ८५० अधिक १६००, म्हणजे २४५० ग्रॅम यायला हवं. हा आकडा लक्षात ठेवायचा.

गॅस लावायच्या आधी गार पाण्यातच साखर चांगली ढवळा. मग मंद आचेवर, सगळे दाणे विरघळेपर्यंत ढवळत राहा. डाव तळाला घासून बघा, खरखर लागली नाही म्हणजे विरघळली. उकळी यायच्या आत साखर पूर्ण विरघळलेली असणं महत्त्वाचं आहे. एकदा उकळी फुटली की ढवळणं बंद. झाकण ठेवून दोन-तीन मिनिटं मंद उकळू द्या. झाकणाखाली साचलेली वाफ पातेल्याच्या कडांवरून ओघळते आणि तिथे चिकटलेले साखरेचे कण धुऊन खाली आणते. ह्या दोन-तीन मिनिटांत पाण्यात आणि साखरेत जे काही जिवंत असेल तेही बहुतेक मरतं. याहून जास्त उकळण्यात पाकाला फायदा नाही.

गॅस बंद करून पातेलं पुन्हा काट्यावर ठेवा. इथे एक काळजी घ्या: काट्यावर आधी पोळपाट किंवा जाड लाकडी फळी ठेवून आकडा शून्य करा आणि त्यावर गरम पातेलं ठेवा. प्लॅस्टिकचा काटा थेट उष्णतेने वाकतो आणि आकडाही भरकटतो. वजन २४१० भरलं तर ४० मिली पाणी उडालं; तेवढं उकळतं पाणी घाला, एकदा हलक्या हाताने फिरवा, झालं. वजन जास्त भरलं तर पाणी आधी जास्त पडलं होतं. झाकण काढून थोडं आटवा आणि पुन्हा मोजा. एवढ्या पाकाचा साधारण १.२ लिटर होतो.

थर्मामीटर असेल त्यांनीही वजनच बघावं. समुद्रसपाटीला ६६.७ टक्क्यांचा पाक १०४ अंशांच्या आसपास उकळतो, पण पुण्यात साधं पाणीच ९८ अंशांना उकळतं आणि महाबळेश्वरला ९५-९६ ला. मुंबईसाठी लिहिलेला आकडा तिथे धरला तर पाक बराच जास्त आटतो. थर्मामीटर वापरायचाच असेल तर आधी साध्या पाण्याची उकळी मोजा आणि ६६.७ टक्क्यांच्या पाकासाठी त्यात ४ अंश मिळवा.

काटाच नसेल तर वाटीचं माप चालतं, पण एक घोळ आधी सोडवावा लागतो. ‘दोनास एक’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते वजनाने की वाटीने, हे लिहिलेलं नसतं. दाणेदार साखर एक लिटरच्या मापात सुमारे ८५० ग्रॅम बसते. म्हणून सपाट दोन वाट्या साखर आणि त्याच वाटीने एक वाटी पाणी घेतलं की पाक ६३ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे आपलं किलोला ६०० मिलीचंच प्रमाण. दोन किलोला एक लिटर घेतलं तर मात्र ६६.७. दोन्हींना ‘दोनास एक’च म्हणतात आणि एकाचा पाक फ्रिजमध्ये राहतो, दुसऱ्याचा बसतो. वाटी शिगोशिग भरली की हिशोब आणखी बिघडतो. सुरीच्या पाठीने सपाट करा. वाटीने केलेल्या पाकात आटलेलं पाणी भरून काढायला, सुरुवातीला पातेल्यात उभा चमचा धरून पातळीची खूण करून ठेवायची आणि शेवटी खुणेपर्यंत उकळतं पाणी घालायचं. साखर पूर्ण विरघळल्यावर खूण करायची, आधी नाही.

प्रमाण बरोबर असूनही साखर बसली तर

मग पाकात कुठूनतरी बी, म्हणजे ज्याभोवती साखर जमते असा कण, शिरलंय. न विरघळलेला एक दाणाही पुरतो. पातेल्याच्या कडेला सुकलेली साखर पाक ओतताना खाली येते. उकळताना सारखं ढवळलं की पाक कडांवर उडतो आणि तिथे सुकतो. आणि सगळ्यांत जास्त वेळा दिसणारं कारण म्हणजे जुनी बाटली. बाटलीत दोन बोटं पाक उरलेला असतो, त्यावरच नवा ओतला जातो. बुचाच्या आट्यांमध्ये सुकलेली साखर असते; झाकण फिरवलं की तिचा बारीक चुरा आत पडतो. बाटली पूर्ण रिकामी करून, गरम पाण्याने आटे आणि झाकण घासून, मगच भरावी. रोज पाक ओतून झाल्यावर बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसण्याची सवय लावली तर अर्धा त्रास कमी होतो. मुंग्याही येत नाहीत.

दाट पाक बाहेर ठेवायचा असेल, किंवा हिवाळ्यात थंडी असलेल्या गावी करायचा असेल, तर आंबट घालून शिजवणं हा पक्का उपाय आहे. १ किलो साखरेला १ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे चहाच्या लहान चमच्याचा साधारण पाव भाग, किंवा एका मध्यम कागदी लिंबाचा गाळलेला रस. साखर विरघळल्यावर हे घालून झाकण ठेवून मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं शिजवायचं. आंबट आणि उष्णता मिळून साखरेचा थोडा भाग फोडतात. त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. ही दोन्ही मध्ये आली की उरलेल्या साखरेला एकावर एक रचून खडा बांधणं जड जातं. पाक गार झाल्यावर लिंबू पिळलं तर हा परिणाम मिळत नाही; उष्णता हवीच. शिजवून झाल्यावर वजन पुन्हा बघायचं, कारण पंधरा मिनिटांत झाकणातूनही पाणी जातं.

हा पाक दुधात चालतो का, अशी शंका बऱ्याच जणांना असते. एक ग्रॅमचं प्रमाण पाळलं तर चालतो. कोल्ड कॉफीच्या एका ग्लासात त्यातलं आंबट एक-दोन शतांश ग्रॅमच जातं, त्याने दूध फाटत नाही. अंदाजाने तीन-चार लिंबं पिळली असतील तर तो पाक सरबतालाच ठेवा. आणि आंबट घातलेला पाक ॲल्युमिनियमच्या पातेल्यात किंवा कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात करू नका. तो कळकतो, चव धातूची लागते आणि पोटालाही वाईट.

बसलेली साखर वाया जाऊ देऊ नका

काचेची बाटली असेल तर झाकण काढून कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा आणि पाणी हळूहळू तापवा. एकदम गरम पाण्यात ठेवली तर काच तडकते. थर सैल झाला की सगळं पातेल्यात ओता. बाटलीत शेवटचे खडे चिकटलेले असतील तर घालायच्या पाण्यातलंच थोडं गरम पाणी आत टाकून खळबळून घ्या.

पाणी किती घालायचं? मूळ साखर किती घेतली होती ते आठवत असेल तर सोपं आहे: पातेल्यातल्या पाकाचं एकूण वजन साखरेच्या १.६ पट करायचं. १ किलो साखरेचा आटलेला पाक १४०० ग्रॅम भरला तर २०० मिली पाणी. आठवत नसेल तर दर किलो पाकाला १०० मिलीपासून सुरू करा आणि नंतर तपासा. तपासायची रीत अशी: गार झालेला पाक १०० मिलीच्या मापापर्यंत भरून वजन करा. समसमान पाक १२३ ग्रॅम भरतो, किलोला ६०० मिलीचा १३० ते १३१, किलोला ५०० मिलीचा १३३. १३५ च्या पुढे गेला तर तो बसणार. गरम असताना मोजू नका, कारण गरम पाक फुगलेला असतो आणि आकडा कमी येतो.

पाणी घातल्यावर पाक पूर्ण उकळी येईपर्यंत तापवा. ‘विरघळल्यासारखा दिसतोय’ एवढ्यावर थांबलं तर डोळ्यांना न दिसणारे कण मागे राहतात आणि आठवड्याभरात थर पुन्हा हजर होतो.

कधीकधी तळाशी बसलेलं पांढरं काही साखर नसतंच. बोअरच्या जड पाण्यात पाक केला की क्षार उकळून खाली बसतात. पातळ, पिठूळ, कडांना चिकटणारा थर. चिमूटभर काढून कोमट पाण्यात टाका: साखर विरघळेल, क्षार तसेच राहतील आणि लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकलं तर बारीक फेस धरतील. अशा ठिकाणी आरओ फिल्टरचं पाणी वापरा, किंवा पाणी आधी पाच-दहा मिनिटं उकळून, निवळू देऊन, वरचं तेवढं घ्या.

बुरशी आणि फसफस

पाक पुरेसा दाट असूनही बुरशी आली तर ती जवळजवळ नेहमी वरच्या पातळीवर आणि बाटलीच्या मानेत असते, तळाशी नसते. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. गरम पाक बाटलीत अर्धवट भरून लगेच झाकण लावलं की वाफ वर जाते, मानेत आणि झाकणाच्या आतून थेंब जमतात आणि ते थेंब गार झालेल्या पाकावर टपकतात. पाक जड, पाणी हलकं. ते खाली मिसळत नाही, वरच पातळ थर करून राहतं. बाटलीत ६२ टक्के साखर असली तरी त्या वरच्या बोटभर थरात ती बरीच कमी असते, आणि बुरशीला तेवढी जागा पुरते.

म्हणून पाक पातेल्यातच गार होऊ द्या, वर झाकणाऐवजी स्वच्छ सुती फडकं बांधून. वाफ फडक्यातून निघून जाते, धूळ पडत नाही. कोमट झाला की भरा. दुसऱ्या दिवशी बंद बाटली दोन-तीनदा उलटीसुलटी करा, म्हणजे थेंब असतील ते मिसळतात. फ्रिजमधून काढून-ठेवून बाटली वापरात असेल तर हे आठवड्यातून एकदा करायला हरकत नाही, कारण बाहेरची दमट हवा आत जाऊन थेंब पुन्हा जमतात. कोकणात आणि मुंबईत हे जास्त होतं.

बाटली काचेची असावी. धुऊन, गार पाण्याच्या पातेल्यात आडवी ठेवून पाणी उकळेपर्यंत तापवा आणि दहा मिनिटं उकळा. झाकणही त्यातच. मग फडक्यावर पालथी घालून आतून पूर्ण कोरडी होऊ द्या. उकळलेली पण ओली बाटली घेतली तर केलेली मेहनत तिथेच जाते, कारण तेच पाणी पाकावर तरंगतं. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या गरम पाकाने आक्रसतात आणि त्यांची तोंडं नीट घासता येत नाहीत, टाळा.

पाकात हात किंवा ओला चमचा जाऊ नये म्हणून अरुंद तोंडाची बाटली बरी. बरणीतून चमच्याने काढायची पद्धत असेल तर चमचा कोरडा, आणि लिंबू ढवळलेला चमचा पुन्हा बरणीत नको.

बुरशी दिसली तर वरचा पापुद्रा काढून खालचा पाक उकळून वापरू नका. बुरशीचे धागे आणि तिने सोडलेली द्रव्यं खालपर्यंत गेलेली असू शकतात आणि उकळल्याने ती सगळी नाहीशी होत नाहीत. पूर्ण बाटली ओतून द्या. बारीक बुडबुडे, ताडीसारखा वास, झाकण उघडताना फुस्स आवाज ही यीस्टने पाक आंबवल्याची खूण. तोही टाकायचा. अशी बाटली बेसिनमध्ये धरून, वर फडकं टाकून, झाकण हळूहळू सैल करा. आत गॅसचा दाब असतो.

सोडियम बेंझोएट, म्हणजे पदार्थ टिकवण्यासाठी घालतात ती पावडर, घालावं का? साध्या पाकात त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही. ते आंबट पदार्थातच काम करतं, आणि नुसता साखरेचा पाक आंबट नसतो. लिंबू किंवा कोकमाच्या दाट सरबतात त्याचा उपयोग होतो, पण घरच्या वापराला फ्रिज आणि योग्य प्रमाण पुरतं.

रंग, मळी, वास, गढूळपणा

आपल्या कारखान्यांतली बरीचशी साखर गंधकाच्या धुराने रस स्वच्छ करून बनते. बाजारात एस-३० आणि एम-३० असे प्रकार मिळतात. अक्षर दाण्याचा आकार सांगतं, आकडा रंग. कुठल्याही साखरेत थोडी मळी राहतेच आणि उकळी आली की ती करड्या फेसाच्या रूपाने वर येते. झाऱ्याने काढून टाका. फारच मळकट साखर असेल तर हलवायांची जुनी युक्ती वापरा: किलोला दोन चमचे दूध तेवढ्याच पाण्यात मिसळून उकळत्या पाकात कडेने सोडा. दुधातली प्रथिनं गोठतात आणि मळी धरून वर येतात. सायीसारखा थर जमला की आच बारीक करून तो काढा आणि पाक ओल्या मलमलीतून गाळा. लिंबू घालायचं असेल तर दूध आधी, लिंबू नंतर. दुधाचा अंश मागे राहिला तर पाक लवकर खराब होतो, म्हणून गाळणं टाळू नका. चांगली स्वच्छ साखर मिळत असेल तर सरबताच्या पाकाला या खटपटीची गरज नाही.

उकळताना गंधकाचा वास आला तर दोन-तीन मिनिटं झाकण काढून उकळा, वास उडून जातो. मग वजन भरून काढा.

पाक पिवळा पडतो तो आचेमुळे. मोठी आच, पातळ बुडाचं पातेलं, कडेला लागलेली साखर करपणं, ही कारणं. आंबट घालून शिजवलेला पाक ठेवल्यावर हळूहळू पिवळसर होतो. तो खराब झालेला नसतो, रंग तेवढा बदलतो.

गढूळपणा दिसला तर आधी तासभर थांबा. मिक्सरमध्ये गार पाण्यात फिरवून केलेला पाक हवेच्या बुडबुड्यांनी पांढरट दिसतो आणि निवळतो. निवळला नाही तर विकतची पिठीसाखर वापरली होती का ते बघा; तिच्यात गुठळ्या होऊ नयेत म्हणून बऱ्याचदा कॉर्नफ्लोअर घातलेलं असतं. मिक्सरमधला पाक घाईला ठीक, पण तो उकळलेला नसतो. फ्रिजमध्ये ठेवून आठवड्याच्या आत संपवा.

ग्लासात गोडी कमी-जास्त होते ती अशी

एका घरात दर खेपेला वेगळ्या दाटपणाचा पाक होत असेल तर सरबतही दर खेपेला वेगळं लागणार. किलोला ६०० मिलीच्या पाकात २५ मिली म्हणजे २० ग्रॅम साखर. समसमान पाकात तेवढ्याच साखरेला ३२-३३ मिली लागतात, दाट पाकात २२-२३. २०० मिली लिंबू सरबताला २० ग्रॅम साखर बहुतेकांना पुरेशी गोड वाटते. एक किलोच्या पाकात असे पन्नास ग्लास होतात. औषधाच्या बाटलीवर येणारं प्लॅस्टिकचं टोपण या मापाला उत्तम, त्यावर मिलीच्या खुणा असतातच.

पाक तळाशी जाऊन बसतो आणि शेवटचा घोट गोडमिट्ट लागतो, तेव्हा क्रम चुकलेला असतो. पाक पाण्याच्या साधारण सव्वा पट किंवा थोडा जास्त जड असतो. बर्फ भरलेल्या ग्लासात तो वरून ओतला तर सरळ खाली उतरतो आणि गारव्याने आणखी दाट होतो. आधी लिंबाचा रस, मीठ आणि पाक एकत्र ढवळा, त्यात थोडं साधं पाणी, मग उरलेलं गार पाणी, आणि बर्फ सर्वांत शेवटी.

लिंबाचा रस पाकात घालून ठेवायचा असेल तर पाक पूर्ण गार हवा. गरम पाकात रस पडला की ताजा वास जातो आणि कडवटपणा येतो. पिळताना सालीचं तेल आणि बिया आल्या असतील तर जास्तच. कोकमाचा रंग फार वेळ उकळल्यावर विटकरी होतो, म्हणून कोकमाचा अर्कही पाक कोमट झाल्यावरच. या दोन्हींत रसाबरोबर पाणी जातं हे मात्र विसरायचं नाही. १६०० ग्रॅम पाकात ४०० मिली लिंबाचा रस घातला की साखर ६२.५ वरून ५० टक्क्यांवर येते. आंबटपणामुळे ते साध्या समसमान पाकापेक्षा जास्त टिकतं, पण बाहेर ठेवण्याजोगं राहत नाही.

गुळाचा पाक

पन्ह्याला अनेकांना गूळच आवडतो. गुळात मुळातच थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज असतं, त्यामुळे तो साखरेइतके खडे धरत नाही. त्याचा त्रास वेगळा: वाळूचे कण, उसाची चिपाडं आणि लवकर आंबणं. १ किलो किसलेला गूळ ६०० मिली कोमट पाण्यात भिजवा, विरघळला की गाळा, अर्धा तास स्थिर ठेवा आणि वरचा निवळ भाग अलगद दुसऱ्या पातेल्यात घ्या. तळाचा दोन चमचे गाळ सोडून द्या, वाळू त्यातच असते. मग पाच मिनिटं उकळून फेस काढा आणि पुन्हा मलमलीतून गाळा. हा पाक फ्रिजमध्येच ठेवायचा, तीन आठवडे. गुळातले क्षार आणि आंबटपणा यामुळे तो उकळत्या दुधात घातला तर दूध फाटतं. चहा-कॉफीत घालायचा असेल तर गॅस बंद करून, मिनिटभर थांबून, कपातच घाला.